कार्डिफहून एक दिवस: क्वेकर्स यार्ड ते ॲबरकनन, जुन्या ट्रामरोडवरून

मनमाडी_माणूस (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आईबाबा ऑगस्टअखेर कार्डिफला येताहेत. पाहुणे आले की आपली वारी ठरलेली असते: कार्डिफचा किल्ला, बॅरीचा समुद्र, आणि ज्यांचे गुडघे धड आहेत त्यांना पेन-अ-व्हॅनचा डोंगर. बाबांना किल्ला दाखवला तर पाचव्या मिनिटाला "देवगिरी नीट बघितलायस का तू?" असं ऐकावं लागणार. त्यांची सगळी हयात मनमाडच्या रेल्वे कारखान्यात गेली, पुलांच्या गर्डरमध्ये.

म्हणून या वेळी क्वेकर्स यार्ड. कार्डिफ सेंट्रलहून मर्थर टिडव्हिलच्या गाडीने साधारण पाऊण तास. टॅफ आणि बार्गोड टॅफ या नद्यांच्या संगमाजवळचं लहानसं गाव, क्वेकर पंथीयांच्या जुन्या दफनभूमीमुळे हे नाव पडलं. तिकीट काढून बघावं असं तिथे काहीच नाही. पण गावाखालून नदीकाठाने जी वाट जाते ती १८०२ साली तयार झालेल्या पेनिडॅरन ट्रामरोडची, म्हणजे घोड्यांनी ओढायच्या मालगाड्यांच्या लोखंडी मार्गाची. २१ फेब्रुवारी १८०४ रोजी रिचर्ड ट्रेविथिकचं वाफेचं इंजिन दहा टन लोखंड आणि सत्तर माणसं ओढत याच वाटेने ॲबरकननपर्यंत गेलं. वाफेच्या इंजिनाने रुळांवरून असा भार ओढल्याची ही जगातली पहिली नोंद. स्टीफन्सनचं प्रसिद्ध रॉकेट इंजिन आलं त्यानंतर पंचवीस वर्षांनी.

माझं मत असं की खाणी-कारखान्यांचा वेल्स काचेच्या कपाटात बघण्यापेक्षा पायी बघावा. बायकोचं मत असं की सासूसासऱ्यांना विमानाने आणून चिखलातून चालवणारा मुलगा म्हणून माझं नाव खानदानात कायमचं राहील. आईचे गुडघे कुरकुरतात, लेक सात वर्षांची आहे. ज्यांनी हा टप्पा केलाय त्यांनी सांगा: जमेल का? आणि आसपास आणखी काय जोडता येईल?

खवचट_खापरे

ऑगस्टअखेर म्हणजे पाऊस. सप्टेंबर म्हणजे पाऊस. बाकी चालू द्या.

लोहमार्गी

वाचनखूण साठवली. फार दिवसांनी आपल्या जिव्हाळ्याचा धागा आला, त्यामुळे थोडं लांबण लावणार आहे.

बाबांना आधीच सांगून ठेवा की इंजिन तिथे नाही. त्याची चालणारी प्रतिकृती स्वान्सीच्या वॉटरफ्रंट संग्रहालयात आहे. पण रेल्वेच्या माणसाला इंजिनापेक्षा वाटच जास्त आवडेल. जमिनीत रुतलेले दगडी ठोकळे दिसतील, दोन समांतर ओळींत, मधे भोक पाडलेले. ते स्लीपर. आडवे लाकडी स्लीपर टाकले असते तर घोडा ठेचकाळला असता, म्हणून दोन बाजूंना सुटे दगड आणि मधली पट्टी घोड्याला मोकळी. दगडाच्या भोकात लाकडी खुंटी, खुंटीत खिळा, आणि त्याने आवळलेली बिडाची एल आकाराची पट्टी. म्हणजे कड रुळाला, चाक सपाट. आजच्या बरोब्बर उलट. हे बाबांना फोनवर सांगू नका, तिथे उभं राहून त्यांचं त्यांना कळू द्या.

ट्रामरोड झाला कसा ते आणखी मजेशीर. मर्थर ते कार्डिफ कालवा १७९४ मध्ये सुरू झाला, पण त्यावर कवार्थवा कारखान्याच्या रिचर्ड क्रॉशेचा पगडा. वरच्या टप्प्यात लॉकांची (पाण्याची पातळी बदलून होड्या वरखाली नेणाऱ्या दारांची) रांग, होड्यांची गर्दी, उन्हाळ्यात पाण्याची ओढ. बाकीचे तीन कारखानदार (डाउलाइस, पेनिडॅरन, प्लिमथ) वैतागले आणि कालव्याचा तो टप्पा टाळून ॲबरकननच्या धक्क्यापर्यंत त्यांनी स्वतःचा मार्ग टाकला. पुढे पेनिडॅरनच्या होम्फ्रीने क्रॉशेशी ५०० गिनींची पैज मारली की वाफेवर माल जाईल. गेलाही. फक्त पाच टनांच्या आसपासच्या त्या धुडाखाली बिडाच्या पट्ट्या तडकत गेल्या. बीड दाबाला दणकट, पण दणक्याला आणि वाकायला ठिसूळ. यंत्र पास, रूळ नापास. घोडे परत जुंपले आणि पुढची कित्येक वर्षं तेच राबले.

साडेनऊ मैलांना चार तास पाच मिनिटं लागली. वाटेत झाडं तोडावी लागली, धोंडे हलवावे लागले.

खवचट_खापरे

चार तासांत साडेनऊ मैल? म्हणजे संध्याकाळचा सिंहगड रोड. त्यात सत्तर माणसं फुकट बसलेली. हे इंजिन नसून पीएमटी होती.

निशिगंधा_ब्रिस्टल

धागाकर्त्याशी असहमत. वाट सुंदर आहे यात वाद नाही, पण सात वर्षांच्या मुलीला दगडातली भोकं दाखवून काय कळणार? तिला ब्लायनॅवनच्या बिग पिटला न्या. पिंजऱ्यात उभं करून ९० मीटर खाली नेतात, हेल्मेट, दिवा, कमरेला बॅटरी. फोन, स्मार्ट घड्याळ, किल्लीतला सेलसुद्धा वरच काढून घेतात, कारण ठिणगी नको. खाली एका जागी सगळ्यांना दिवे विझवायला सांगतात. वाटाडे स्वतः खाणीत काम केलेले. आमच्या गटाचा वाटाड्या इतका विनोदी होता की माझे सासरे, ज्यांना इंग्रजी विनोद कळत नाहीत, तेही हसले. ही खाण १९८० ला बंद झाली आणि १९८३ ला लोकांसाठी उघडली. संग्रहालयात प्रवेश फुकट आहे, पण खाली जाण्याच्या फेरीचं आधी संकेतस्थळावर बघून ठेवा. एक मीटरपेक्षा कमी उंचीच्या मुलांना खाली नेत नाहीत, तुमची लेक बसेल त्यात. अख्खा ब्लायनॅवन परिसर २००० पासून जागतिक वारसा आहे. तुमच्या क्वेकर्स यार्डला साधा चहा तरी मिळतो का?

मनमाडी_माणूस

चहा थर्मासमध्ये. बिग पिट करणारच आहोत, पण वेगळ्या दिवशी. गाडीने, तिकडे आगगाडी जात नाही.

डोंगरवेडा_केदार

हा टप्पा केलाय, सायकलवरून आणि पायी दोन्ही. क्वेकर्स यार्ड स्टेशन वर टेकडीच्या अंगाला एडवर्ड्सव्हिलमध्ये आहे, तिथून नदीपर्यंतचा उतार गुडघ्यांना जाणवेल. तेवढं सोडलं तर पुढे काही नाही. मालाने भरलेल्या गाड्या घोड्याने सहज न्याव्यात म्हणून सगळी वाट अगदी मंद उताराची आखलेली आहे, आणि उतार ॲबरकननकडे. म्हणून क्वेकर्स यार्डला उतरा आणि ॲबरकननला गाडी पकडा. उलटं करू नका. अंतर पाच किलोमीटरच्या आत. काही भाग डांबरी गल्लीवजा रस्त्याचा आहे, क्वचित एखादी मोटार येते, तेव्हा पोरीचा हात धरा.

आता बाबांसाठी. या टप्प्यात ट्रामरोडने टॅफ नदी दोनदा ओलांडली आहे. आधी लाकडी पूल होता, तो १८१५ मध्ये वाहतूक चालू असतानाच कोसळला. मग दगडी बांधले, ते अजून आहेत. आणि डोक्यावर इंजिनियर ब्रुनेलचा उंच कमानींचा रेल्वेपूल, १८४१ च्या टॅफ व्हेल रेल्वेचा. खालून वर बघा. नंतर दुसरा रूळ टाकताना पुलाला शेजारी जुळा भाऊ चिकटवलाय, जोड स्पष्ट दिसतो. जुन्या भागाचे खांब अष्टकोनी, नव्याचे वेगळे. गर्डरवाल्या माणसाला तिथून हलवायला तुम्हाला अर्धा तास लागेल हे धरून डबे घ्या.

लोहमार्गी

@केदार, +१. आणि त्या पुलावरून आजही गाडी जाते. तुम्ही ज्या गाडीने याल तीच. येताना पुलावर खिडकीतून खाली बघायला सांगा, नाहीतर ते बिचारे ट्रेन चुकवून परत एकदा जायला लावतील.

गिरणगावची_लेक

वाचता वाचता एक खटकलं म्हणून लिहिते. कोण मालक, कुणाची पैज, कुणाचा पूल. तो माल काढला कुणी? मी त्या खोऱ्यात गेले तेव्हा सगळे म्हणत होते, काय हिरवं आहे! हिरवं आहे कारण सगळं बंद पडलंय. शेजारी ट्रेहॅरिसला डीप नॅव्हिगेशन नावाची प्रचंड खोल खाण होती, १९९१ ला बंद झाली. आज तिथे बाग आणि तळी. बदकांना पाव घालणाऱ्या माणसाला खाली काय होतं याचा पत्ताही लागणार नाही.

माझे वडील लालबागच्या एका गिरणीत होते. १९८२ चा संप, अडीच लाख कामगार. इकडे खाणकामगारांचा संप मार्च १९८४ ते मार्च १९८५. दोन्हीकडे हरलेच. फरक इतकाच की आमच्याकडे जागेला सोन्याचा भाव होता म्हणून टॉवर उभे राहिले, इकडे जागेला कुणी विचारत नव्हतं म्हणून झाडं उगवली.

खवचट_खापरे

इकडेही एक टॉवर उभा राहिला होता हं. उत्तरेला हिरवॉनजवळ टॉवर कोलियरी नावाची कोळशाची खाण. सरकारने बंद केली तर २३९ कामगारांनी भरपाईच्या पैशांतले प्रत्येकी आठ हजार पौंड घालून खाण विकत घेतली. १९९५ पासून २००८ पर्यंत चालवली, कोळसा संपेपर्यंत. मी खवचट असलो तरी इथे टोपी काढतो.

गिरणगावची_लेक

@खवचट, हो, माहीत आहे. म्हणूनच राग जास्त येतो. चालवता येत होती.

निशिगंधा_ब्रिस्टल

धागा भटकंतीचा आहे की कामगार चळवळीचा? हलके घ्या, पण आजीआजोबा आणि नात फिरायला चाललेत.

गिरणगावची_लेक

मग आजींसाठी एक सांगते. त्याच डीप नॅव्हिगेशनला १९१६ मध्ये वेल्समधली पहिली खाणीवरची न्हाणीघरं झाली. त्याआधी पुरुष तसाच काळाठिक्कर घरी यायचा आणि चुलीपुढे पत्र्याच्या टबात अंघोळ. पाणी तापवायचं बाईने, टब भरायचा-उपसायचा बाईने, कपडे झटकायचे-वाळवायचे बाईने. घरात नवरा आणि दोन मुलगे वेगवेगळ्या पाळ्यांना असले की दिवसभर तेच. ब्रुनेलच्या खांबांचे कोन मोजून झाले की तुमच्या आईला हे सांगा, त्यांना खोरं लगेच कळेल.

डॉ_मामी

गिरणगावची लेक, तुझा प्रतिसाद वाचून लिहावंसं वाटलं. मी इथे नेहमी फक्त वाचते.

माझे यजमान सत्तरच्या दशकात मिरजेहून डॉक्टर होऊन इथे आले आणि खोऱ्यातल्या एका गावात जी.पी. (फॅमिली डॉक्टर) म्हणून राहिले. त्या काळी आसपासच्या गावांत आपल्याकडचे डॉक्टर पुष्कळ. मोठ्या शहरांत चांगल्या जागा आम्हाला मिळत नव्हत्या आणि गोरे डॉक्टर खोऱ्यात यायला तयार नव्हते, असा तो सरळ हिशोब. सकाळी दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या पुरुषांच्या श्वासावरून यजमान ओळखायचे कोण किती वर्षं खाली होता. न्यूमोकोनिओसिस, कोळशाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार, पण सगळे नुसतं 'डस्ट' म्हणायचे. भरपाई मिळण्यासाठी टक्केवारी ठरायची, किती टक्के डस्ट. माणूस अभिमानाने सांगायचा तसा खालच्या आवाजात सांगायचा, माझं पन्नास टक्के आहे.

आणि हीच खोरी, बरं का. ट्रेडीगरला कामगार पगारातून ठरावीक पैसे कापून डॉक्टर-औषधाची सोय करत. त्याच गावचा खाणकामगाराचा पोरगा अनायरिन बेव्हन पुढे आरोग्यमंत्री झाला आणि ५ जुलै १९४८ ला एनएचएस, म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा, सुरू झाली. आम्ही आलो तेव्हा शेजारणींनी आम्हाला काही विचारलं नाही, दारात कोळशाची बादली आणून ठेवली. यजमान शाकाहारी, तर कोपऱ्यावरच्या बाईने पहिल्याच रविवारी वेल्श केक आणून दिले, आणि त्यात चरबी आहे हे आम्हाला वर्षभराने कळलं. तोवर ह्यांना सवय लागली होती.

खवचट_खापरे

मामी, इथे नेहमी लिहीत जा हो. आम्हाला उगाच बोलायला लावता.

सुगरण_स्वान्सी

अवांतर: वेल्श केक घरी लोण्यात उत्तम होतात. मैदा, लोणी, साखर, बेदाणे, जायफळ किंवा मिक्स मसाला, अंडं. जाड लाटून गोल कापायचे आणि तव्यावर मंद आंचेवर दोन्हीकडून. इथल्या बायकांचा जाड लोखंडी तवा बघून मला माझ्या आजीचा भाकरीचा तवा आठवला. सहलीला डब्यात न्यायला यासारखं काही नाही, चार दिवस टिकतात. विकतचे घेताना कशात केलेत ते विचारून घ्या.

निशिगंधा_ब्रिस्टल

एक गंभीर प्रश्न. त्याच टॅफ ट्रेलवर (टॅफच्या खोऱ्यातली ही पायी-सायकलची वाट) वरच्या बाजूला ॲबरव्हॅन लागतं. पाहुण्यांना न्यावं का? मला नेहमी प्रश्न पडतो, 'बघायला' जाण्याची जागा आहे का ती?

डोंगरवेडा_केदार

माझ्या मते सहलीत जोडू नका. २१ ऑक्टोबर १९६६, कोळशाच्या खाणीतल्या टाकाऊ मालाचा ढिगारा घसरून शाळेवर आला. १४४ माणसं, त्यात ११६ मुलं. टेकडीवरच्या दफनभूमीत पांढऱ्या कमानींची रांग आहे, खोऱ्याच्या पलीकडून दिसते. सायकलवरून जाताना मी तिथे थांबलेलो नाही. थांबून काय करायचं ते कळत नाही.

डॉ_मामी

केदार, थांबावं. शाळेच्या जागी बाग केली आहे, बसायला बाकडी आहेत. गावातली माणसं कुणाला हाकलत नाहीत. फक्त फोटो काढत हिंडू नये आणि मोठ्याने बोलू नये. सात वर्षांच्या मुलीला मात्र नेऊ नका, अजून काही वर्षं थांबा.

आणि लक्षात ठेवायचं ते हे: ढिगारा झऱ्यावर रचला होता आणि लोकांनी आधी तक्रारी केल्या होत्या. नंतर उरलेले ढिगारे हलवायचे तर त्या पोरांच्या नावाने जमलेल्या मदतनिधीतूनच दीड लाख पौंड वसूल केले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं, तेही व्याजाशिवाय.

गिरणगावची_लेक

दीड लाख. मृतांच्या निधीतून. मी आता काही लिहीत नाही.

लोहमार्गी

हा विषय संपलेला नाही, म्हणून भर घालतो. वेल्समध्ये असे जुने बंद ढिगारे अडीच हजारांहून जास्त आहेत. फेब्रुवारी २०२० च्या वादळात रोंडा खोऱ्यात टायलर्सटाउनला एक घसरून नदीत आला, सुदैवाने कुणी दगावलं नाही. पायवाटेवर 'ढिगाऱ्यावर चढू नये' अशी पाटी दिसली तर ती शोभेची समजू नका. त्यावर गवत उगवलेलं असतं आणि मेंढ्या चरत असतात, म्हणून टेकडीच वाटते.

आणि आपल्याशी थेट जोडलेली गोष्ट. या भागातल्या लोखंडाचा शेवटचा अंक मुंबईत मुख्यालय असलेल्या कंपनीच्या हातून लिहिला गेला. २००७ ला टाटा स्टीलने कोरस ही पोलाद कंपनी घेतली, त्यात पोर्ट टॅलबटचा कारखाना आला. ३० सप्टेंबर २०२४ ला तिथली शेवटची झोतभट्टी विझवली. आता विजेच्या भट्टीत भंगार वितळवून पोलाद करणार. मर्थरला अठराव्या शतकात जे सुरू झालं ते साखळीने तिथपर्यंत आलं होतं.

कोकणी_कार्बन

@लोहमार्गी, भट्टी विझली ते वाईट झालं हे गृहीत धरू नका. खनिजापासून लोखंड करायचं तर कोक (भट्टीत भाजलेला कोळसा) जाळावा लागतो, कार्बन निघणारच. तोट्यातही होती. हजारोंच्या नोकऱ्या गेल्या हे दुःख खरंच, पण उद्या तीच धुराडी बघायला तुमच्यासारखे रसिक कॅमेरे घेऊन जाणार आणि 'वारसा' म्हणणार. धूर गिळणाऱ्यांना तेव्हाही कुणी विचारलं नव्हतं.

लोहमार्गी

मी वाईट झालं असं लिहिलेलंच नाही, पुन्हा वाचा. पण रसिकांवरचा टोला मान्य. कॅमेरा माझ्याकडे आहे.

मनमाडी_माणूस

बापरे, दोन दिवस कामात होतो तर धाग्याने झोतभट्टी गाठली. सगळ्यांचे आभार, मामींचे विशेष.

ठरलं ते असं. सकाळच्या गाडीने क्वेकर्स यार्ड. आईला उताराचा त्रास नको म्हणून स्टेशनवरून नदीपर्यंत टॅक्सी मिळते का बघतो, नाहीतर सावकाश. ठोकळ्यांचा भाग, दोन्ही दगडी पूल, ब्रुनेलच्या कमानींखाली जेवण. मग ॲबरकननला, जिथे ट्रामरोड कालव्याला मिळायचा. तिथे अग्निशमन केंद्राजवळ ट्रेविथिकचं स्मारक आहे, फोटो तिथे. ॲबरव्हॅनला बाबा आणि मी दोघेच जाऊ, वेगळ्या दिवशी. बाबांना काल फोनवर विचारलं तर म्हणाले, "पूल कुठला? दगडी? मग गर्डर कुठेय?" म्हणजे उत्सुकता आहे.

डोंगरवेडा_केदार

टॅक्सी तिथे आयत्या वेळी मिळेल या भरवशावर राहू नका, आदल्या दिवशी फोन करून ठरवा. आईंना चालायची काठी द्या, ओली पानं आणि शेवाळलेले दगड निसरडे असतात. बूट घोट्यापर्यंतचे. आणि ॲबरकननला कालवा शोधत बसू नका. एके काळी तिथे सोळा लॉकांची उतरंड होती, पण कालव्याचा बराचसा भाग आज रस्ते आणि घरांखाली आहे. कार्डिफला जाताना ए-४७० वरून गाडी हाकता ना, त्यातलाही काही भाग कालव्यावरच आहे.

निशिगंधा_ब्रिस्टल

ठीक आहे, मुलीसाठी मी सुचवते तसं करा: ठोकळे मोजायला लावा आणि घोडा बनून दोन ओळींच्या मधून चालायला सांगा. माझा विरोध मागे. वृत्तांत मात्र फोटोंसकट हवा, नाहीतर धागा वर काढत राहीन.

सुगरण_स्वान्सी

ऑगस्टअखेर वाटेच्या कडेला ब्लॅकबेरी पिकलेल्या असतात, रिकामा डबा विसरू नका. काटे आहेत, पोरीला पूर्ण बाह्यांचं घाला. कमरेच्या खालच्या फांद्यांवरच्या तोडू नका, कुत्री फिरायला आणतात तिथे.

खवचट_खापरे

कमर कुणाची धरायची, आजींची की नातीची?

सुगरण_स्वान्सी

कुत्र्याची उंची बघून ठरवा.